भुलाबाई लंकेला जाते

मी लंकेला जाणार हे कळलं तेव्हा माझ्या बानं सगळ्यात आधी अंघोळ केली. म्हणजे झालं असं, मी अमरावतीच्या वसतिगृहातून शनिवारी अकोल्याला घरी आले आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं की बा, आमची शाळा पोरींना घेऊन लंकेला जाऊन राहिली, गाण्याच्या कार्यक्रमाला, आणि त्यात माझं नाव आहे. तो नुकताच जिनातून आलेला. कापसाचं जीन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगते, तिथून माणूस संध्याकाळी बाहेर पडतो तो भुवया-पापण्यांसकट पांढरा होऊन. तसाच तो उभा होता. मागच्या अंगाला गेला, थंडीचे दिवस असून रांजणातलं गार पाणी अंगावर घेतलं, धुतलेलं धोतर नेसला, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे येऊन बसला आणि मग मला म्हणाला, "हं. आता पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं, ते शेजारच्यांना बोलावून. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीत घरोघर फुटाणे आणि गूळ गेला. आता तुम्ही म्हणाल, लंका ती काय आणि तिचं एवढं कौतुक काय. पण आमच्याकडे लंका रावणाची राहिली नव्हती हो. बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि आमच्या घरातले पुष्कळ शब्द बदलले, त्यात हा एक. एका भन्तेंच्या प्रवचनात त्यानं ऐकलं होतं की आपल्या देशातून धम्म गेला पण लंकेत टिकला, आणि ज्या झाडाखाली बुद्धाला ज्ञान झालं त्या झाडाची फांदी कुणी तिथं नेऊन लावली, ती अजून हिरवी आहे. ते झाड पाहून यावं अशी त्याची इच्छा होती असंही मी म्हणणार नाही. जिनात गाठी उचलणारा माणूस असली इच्छा करत नसतो. पण माझ्या रूपानं ते दारात आलं तेव्हा तो वेड्यासारखा झाला. जो भेटेल त्याला सांगायचा, "माह्या पोरीले लंकेनं बोलावलं हाय." लंकेनं मला काही बोलावलं नव्हतं. कोलंबोच्या एका मुलींच्या शाळेनं आमच्या शाळेला बोलावलं होतं, की या, आपल्या भागातली गाणी-नाच घेऊन या, आठवडाभर राहा. बानं सगळं विचारलं, बोट कशी असते, समुद्रात दिशा कशी कळते, तिथं भाकर मिळते का. एवढंच विचारलं नाही की मी तिथं म्हणणार काय.

ते मायला माहीत होतं.

माझी माय त्याच जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रावर, कापूस टाकायची. त्या यंत्रांचा आवाज असा की शेजारच्या बाईशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. म्हणून असेल, घरी आली की ती हळू बोलायची आणि फार थोडं बोलायची. पण तिचा गळा! मी लहान असताना, दीक्षेच्या आधी, भाद्रपदाची पुनव आली की आमच्या वस्तीत ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीची भुलाबाई बसायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर. गाणी झाली की खिरापत ओळखायची; झाकलेल्या डब्यात काय आहे, गोड की खारट, लाडू की उसळ, ओळखेपर्यंत कुणाला मिळायची नाही. तेव्हा लग्न झालेल्या बायका नुसत्या कौतुकानं बघत उभ्या राहत. माय मात्र पोरींच्या मधे घुसून म्हणायची. तिच्या मायकडून आलेली गाणी, तिकडे अंजनगाव सुर्जीकडची, आमच्या वस्तीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

मग दीक्षा झाली. बानं घरातले देव फडक्यात बांधले आणि मोर्णा नदीत सोडून आला. मायनं हू की चू केलं नाही. तिला त्या देवांनी काही दिलं नव्हतं, असं तीच म्हणायची. फक्त भाद्रपद आला तेव्हा तिनं विचारलं होतं, "भुलाबाईबी देवातच धरता का? कोनी भुलाबाई पुजते म्हनत नाही, भुलाबाई खेळते म्हनते. खेळ हाय तो." बानं थोडा विचार केला आणि म्हणाला, खेळ असो का काही असो, माती पार्वतीचीच हाय नं. झालं. त्या वर्षापासून आमच्या वस्तीत मखर नाही आणि मायच्या तोंडात गाणं नाही. मला ते तेव्हा फारसं जाणवलंही नाही. एखादा आवाज घरातून जातो तेव्हा तो गेला हे लगेच कळत नाही, काहीतरी सामान कमी झालंय एवढंच वाटतं.

इकडे अमरावतीला लंकेची तयारी म्हणजे काय सांगू. गाण्याच्या मालतीबाई पुण्याकडच्या, गोऱ्या, नाजूक, नवऱ्याच्या बदलीमुळे आमच्यात येऊन पडलेल्या. मनानं फार चांगल्या. वऱ्हाडचं म्हणून भुलाबाई न्यायची असं शाळेच्या मंडळानं ठरवलं, पण बाईंना भुलाबाई माहीत नव्हती, त्यांना त्यांचा भोंडला माहीत. पहिल्या दिवशी त्या मधे हत्ती मांडायला निघाल्या तेव्हा मोर्शीची शालिनी हसता हसता खाली बसली. ही शालिनी संत्र्याच्या बागायतदाराची लेक, माझी जिवाची मैत्रीण; डब्यातली संत्री आधी मला द्यायची आणि मग म्हणायची, "आंबट असतीन तं सांग, मंग मी नाही खात." तर बाईंनी विचारलं, खरी भुलाबाईची गाणी कुणाकुणाला येतात. पोरींना दोन-तीन ठरलेली येत होती. मला जेवढी मायची आठवत होती तेवढी मी म्हटली. बाईंनी पेटी बंद केली आणि नुसत्या ऐकत राहिल्या. त्या दिवशी मला रिंगणाच्या मधे उभं केलं.

आणि बाकीची तयारी! काट्या-चमच्यानं भात कसा खायचा ते आम्हाला भाताशिवायच शिकवलं, रिकाम्या ताटल्यांत. दंडाला लस टोचली ती पोरींनी आठवडाभर एकमेकींना दाखवली. पासपोर्टसाठी फोटो काढायला नेलं तर फोटोवाला म्हणे हसू नका, आणि बाई म्हणत हसऱ्या दिसा. परदेश म्हणजे थंडी हे तर सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. शिवणाच्या बाईंनी प्रत्येकीला लोकर दिली आणि मार्गशीर्षापासून आम्ही स्वेटर विणत बसलो, चांगले गळाबंद. ते पुरे झाल्यावर भूगोलाच्या बाईंना कुणीतरी सहज विचारलं, तेव्हा कळलं की लंका तर आपल्याहून विषुववृत्ताच्या जवळ. मोठ्या बाईंनी जाहीर केलं की स्वेटर घ्यायचेच, विणलेत ना मग. मी माझा आता आतापर्यंत घालत होते, चिखलदऱ्याला लेक घेऊन गेला तेव्हासुद्धा.

दर रविवारी मी घरी. बा रविवारी विहाराच्या बांधकामाला विटा वाहायला जायचा, सगळी वस्तीच जायची, आणि घरात मी नि माय. मी म्हटलं, माये, बाईंना आणखी गाणी पाहिजेत. ती भाकरी थापत राहिली. आणि मग थापण्याच्या तालावर, माझ्याकडे न पाहता, तिनं सुरू केलं. ते विहिरीचं गाणं. सासुरवाशीण पाण्याला जाते आणि विहिरीलाच माहेरची वाट विचारते, आणि विहीर तिला दर कडव्यात चुकीची वाट सांगते, ही गेली की विहीर एकटी पडेल म्हणून. इतक्या वर्षांनी म्हणत होती तरी एक शब्द अडला नाही. तव्यावरची भाकर करपली. मी उलथायला धावले तर तिनं हातानंच थांबवलं, कडवं पुरं होऊ दे म्हणून. आम्ही ती करपलेली भाकर जवसाच्या चटणीशी खाल्ली आणि मला आठवतं, खाताना ती हसून राहिली होती, काही कारण नसताना. तो हिवाळा असा गेला. आंबाडीची भाजी निवडताना एक गाणं, लुगडं धुताना एक. मी गाडीत बसून पाठ करत जायची आणि सोमवारी पोरींना शिकवायची. माझ्या आयुष्यात मी त्या रविवारांएवढी श्रीमंत कधी नव्हते.

एका रविवारी बा लवकर आला. वाळू संपली होती. माय मधल्या कडव्यात होती, तिनं त्याला पाहिलं आणि गाणं तिथंच तुटलं. बानं हातपाय धुतले, खाली बसला आणि मला विचारलं, "लंकेत हे म्हननार हायेस तू?" मी मान हलवली. "भुलाबाई घेऊन चालल्या तुमी. लंकेत." माय म्हणाली, खेळ हाय तो. पण या वेळी तिचा आवाज विचारल्यासारखा होता. त्यानं ताट बाजूला सारलं नाही की काही नाही, जेवला, पण काय जेवला ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात कामावर खाडा करून तो अमरावतीला शाळेत आला. मालतीबाईंना म्हणाला, बुद्धाच्या देशात जाऊन राहिल्या तर पोरीला बुद्धाचं गाणं म्हणू द्या. बाई म्हणाल्या, कार्यक्रम मंडळानं ठरवला आहे, तिथं वऱ्हाडची चालरीतच दाखवायची आहे. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं, मी गाणी म्हणायची, पण मूर्तीला हात लावायचा नाही, आरतीत यायचं नाही, आणि शेवटी सगळ्या पोरी हात जोडतात तेव्हा मी जोडायचे नाहीत. बाईंनी लगेच मान्य केलं. त्यांना त्यात अडचण दिसलीच नाही. जाताना बा फाटकाशी मला म्हणाला, खेळ म्हनते नं तुही माय, मंग खेळ. आणि चार पावलं जाऊन परत आला, मला हळूच म्हणाला, "त्या झाडाचं पडलेलं पान भेटलं तं आनजो. तोडजो नोको."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मंडळासमोर रंगीत तालीम झाली. मंडळाच्या प्रमुख एक वकिलीणबाई होत्या, प्रवासाचा निम्मा भार त्यांनीच उचललेला. टेबलावर नवी रंगवलेली भुलाबाई, आम्ही पोरी नऊवारी नेसलेल्या, मी मधे. विहिरीचं गाणं संपलं तेव्हा वकिलीणबाईंनी डोळे पुसले, हे मी स्वतः पाहिलं. मग सगळ्या पोरी गुडघ्यावर वाकल्या, हात जोडले, आणि मधे मी एकटी ताठ, हात खाली. मला तेव्हा ते कसं दिसत असेल हे कळलं नाही. आता कळतं.

तालमीनंतर बाईंनी मला बाजूला घेतलं. वकिलीणबाईंना ते बरं दिसलं नव्हतं. परक्या मुलखात आपली पोरगी आपल्याच देवीपुढे खांबासारखी उभी, लोक काय म्हणतील. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "शेवंता, नाटकात राणी झालीस म्हणून तू खरीच राणी होतेस का? तसंच समज. एक क्षण हात जोडायचे, पुन्हा सोडायचे." मी म्हटलं, बानं नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, वडिलांना बोलावून घे, आईलाही, मी समजावते.

दोघं आली. माय शाळेत पहिल्यांदा येत होती. गाण्याच्या खोलीत बाईंनी तिला खुर्ची दिली, तिच्या काठावर ती बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. समोरच टेबलावर भुलाबाई, प्रवासासाठी अर्धी गवतात बांधलेली. बाईंनी सगळं सांगितलं. अगदी मऊ शब्दांत सांगितलं, पण गोष्ट सरळ होती, हात जोडले तर मी जाणार, नाही तर माझ्या जागी मधे शालिनी उभी राहणार आणि माझी जागा दुसरीला जाणार. बा ऐकत होता आणि माझ्याकडे पाहत होता. मी रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ठरवल्यानं काय होते. जो माणूस घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडून आला होता तो मला म्हणाला, "जोड."

मग तोच म्हणाला, "जोड आन जा. तिथं गेल्यावर त्या झाडापाशी सांगजो, माह्या बानं जोडाले लावले म्हना. माह्यावर टाकजो ते."

बाईंच्या तोंडावर एकदम उजेड आला. माझ्याही आला असेल. मी त्याच्याकडे धावणार तेवढ्यात माय खुर्चीवरून उठली.

"थे नाही जोडनार," ती म्हणाली.

बाई गडबडल्या. म्हणाल्या, अहो, पण हा खेळ आहे असं तुम्हीच म्हणत होता ना, शेवंतानं सांगितलंय मला.

"खेळच होता, बाई. माह्या मायनं मले खेळ म्हनून शिकवला, मी हिले खेळ म्हनून शिकवला. पन खेळात कोनी कोनाले हात जोडाले लावत नाही. एखांदी पोरगी टिपरी नाही धरत, तं नाही धरत. बाजूले उभी राह्यते, खिरापत तं तिलेबी भेटते. तुमी जोड म्हनता, नाही तं घरी जा म्हनता. मंग हा खेळ नाही. देव हाय तुमचा." एवढं लांब ती कधी बोलली नव्हती, तिला दम लागला. "आन देव तं आमी सोडले."

बाईंना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मंडळ काही त्यांच्या हातात नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनीच चाचरत विचारलं, की गाण्यांचं काय करू, मुलींनी सगळी बसवली आहेत. माय दारापर्यंत गेली होती. ती म्हणाली, "गानं का वापस घेता येते. म्हनू द्या पोरींले."

स्टेशनच्या वाटेवर मी मागे आणि ती दोघं पुढे. बा म्हणाला, मी हो म्हनलो होतो नं. माय म्हणाली, "म्हनूनच."

त्या शब्दाचा अर्थ लावण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली. मला तेव्हा एवढंच कळत होतं की हिनं माझी लंका घेतली. मी तिच्याशी किती दिवस बोलले नाही ते सांगायला नको. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाले आणि मला दिसतं ते असं, की माझ्यासाठी बा जे सोडायला निघाला होता ते तिला त्याला सोडू द्यायचं नव्हतं, आणि त्यासाठी तिनं तिचं स्वतःचं गाणं सोडून दिलं. तिच्याजवळ एवढंच होतं.

पोरी सुट्टी लागताच निघाल्या. मुंबईची गाडी, तिथून बोट. गाडी अकोल्यावरून जाणार म्हणून बा म्हणाला, मैत्रिणी चालल्या, भेटून ये. मी येत नव्हते, त्यानं नेलं. मायही आली, पोरींसाठी धपाटे बांधून घेऊन. भर उन्हात गाडी लागली. शालिनीनं मला खिडकीतून पाहिलं आणि ती ओरडली, सगळ्या पोरी खिडक्यांना लोंबकळल्या. धपाटे आत गेले. आणि गाडी सुटायच्या वेळी त्यांना काय वाटलं कोण जाणे, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी विहिरीचं गाणं सुरू केलं. छान म्हणत होत्या. फक्त बाईंनी त्यातलं 'मले' काढून 'मला' घातलं होतं, तिकडच्यांना शुद्ध वाटावं म्हणून. शालिनी मधे होती. गाडी हलली तरी त्या म्हणत होत्या. माय खिडक्यांबरोबर चार पावलं चालली, मग थांबली. "चांगलं म्हनतात," एवढंच म्हणाली.

मी परत वसतिगृहात गेले नाही. कुणी जाऊ नको म्हटलं नाही, मलाच जाववलं नाही. पुढचं जे काही वाचलं-लिहिलं ते वस्तीतल्या वाचनालयात बसून, माझं मी. बा विहार पुरा झालेला पाहून गेला. माय त्यानंतर खूप जगली. म्हातारपणी मी तिला पुष्कळदा म्हटलं, माये, एकदा ते विहिरीचं म्हण नं, आता कोण आहे इथं ऐकायला. ती विसरले म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती म्हणायची, "मले येत नाही ते." जसं कधी आलंच नव्हतं. तिच्यामागून मी आठवायला बसले तर मलाही पुरतं येईना. विहीर पहिली वाट कोणती सांगते ते आठवतं, शेवटची आठवते. मधल्या वाटा गेल्या.

मागच्या वर्षी मोर्शीला एका लग्नात शालिनी भेटली. ऐकायला कमी येतं तिला आता, जुनंही पुष्कळ विसरते, पण गळा शाबूत. पंगत उठल्यावर आम्ही दोघी मांडवात बसलो, नातवंडांच्या गप्पा झाल्या, आणि तिला अचानक हुक्की आली, म्हणाली, थांब, तुला एक गंमत म्हणून दाखवते. आणि तिनं विहिरीचं गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही वाट न चुकवता. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. संपल्यावर ती माझा हात थोपटून म्हणाली, "तुला नसन माहीत हे. आमच्या मालतीबाईंचं गाणं, लंकेसाठी बसवलं होतं त्यांनी. तू नव्हतीस नं आलेली."

मी म्हटलं, नाही आले. पुन्हा म्हण नं.

तिनं पुन्हा म्हटलं.